ठिणगीची चाल

३ मार्च

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

खोकला बरा आहे असं लिहू नका, आईने खरं कळवलंय. सोबत एक कॅसेट आहे. रेडिओवर नवे बँड शोधून ऐकवण्याचा कार्यक्रम माझ्याकडे आल्यापासून मी गल्ल्या पालथ्या घालते. परवा एका बंद टायरच्या दुकानात शिरले. आत एक मुलगी पायाने ढोल बडवत, गिटार वाजवत एकटीच रॉक गात होती. दिवसा ती वेल्डिंग करते. गाणं तिचंच, कॅसेटही घरी भरलेली. साहेब म्हणतात, असलं कोण ऐकतं? मला एक माणूस तरी दाखवायचाय त्यांना. तेव्हा अर्ध्यात बंद करू नका. कविता अर्ध्यात सोडायची नसते, हे तुमचंच.

तुमची नात,
खार


२० मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या खेपेस वाटलं, कुणी जिन्यावरून भांडी ढकलली. तिसऱ्या खेपेस त्या गडगडाटातून पोरीचा आवाज वर आला, ‘दार ओढून घेऊ नको, किल्ली मी विसरले’, आणि मी दाढीचा ब्रश हातात धरून तसाच बसलो. शाळेत गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरत आणि आम्ही साठ पोरं एका सुरात कविता म्हणत असू. अंगावर असा काटा त्यानंतर पहिल्यांदाच आला. आता गाणं अक्षरन् अक्षर पाठ आहे. शेजारचे वकील विचारतात, नाना, सकाळी प्रार्थना कुठली म्हणता? रॉक कळायला कान लागतात, असं मी त्यांना सुनावलं. साहेबांना सांग, एक माणूस आहे. पोरीचं नाव मी ठिणगी ठेवलंय.

तुझा पाठांतरवाला,
नाना


९ मे

ती. नानांस,
सा. न.

ठिणगी गेली. कामावरून येताना सायकलला ट्रकने उडवलं. अवकाळी पावसात दुकानात पाणी शिरून तिच्या सगळ्या कॅसेट आधीच गेल्या होत्या. आमच्या केंद्रावरची टेप साहेबांनी पुसून तीवर बाजारभावाचा कार्यक्रम भरायला दिली. गाणं एकदाही लागलं नाही, नाना. तिच्या आईने लेकीला गाताना कधी ऐकलंच नव्हतं, घरी आवाज नको म्हणून ती दुकानात जायची. आता त्या तेवढंच मागतात. तुमची कॅसेट पाठवा.

खार


१५ मे

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

काय लिहू? कॅसेट उरली नाही. गेल्या महिन्यात मशीनने फीत गिळली, ती मी कात्रीने कापून काढली. गाणं पाठ होतं, म्हणून तुला कळवलं नाही. पण धीर सोडू नको. वकिलांकडून कोरी कॅसेट आणली आणि खोकला आवरून अख्खं गाणं म्हटलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माउलीला ऐकव.

नाना


२ जून

ती. नानांस,
सा. न.

शब्द सगळे बरोबर आहेत. चाल मात्र तुमची, शाळेतली, तुम्ही सगळ्याच कविता ज्या एका चालीत म्हणता ती. तिच्या आई हात जोडून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, माझी पोर असं गायची होय, इतकं शांत? मी हो म्हटलं. तुमच्यावर रागावले नाही. पण मला खरी चाल आठवत होती, नाना. तुमची कॅसेट ऐकल्यापासून तीही तुमच्याच सुरात येते.

खार


११ जून

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून खिडकीशी बसतो. डबे आपटून पाहिले, पायाने फरशी बडवली. वकील धावत आले. शब्द येतात ते शाळेतल्या पोरांसारखे रांगेत, हाताची घडी घालून. ती भांडी काही जिन्यावरून पडत नाहीत. रोज म्हणत गेलो आणि रोज थोडं थोडं पुसत गेलो, असं झालं असावं.

तुला दुसरं कुणी असं सापडलं, तर ते गाणं मला पाठवू नकोस. मी पाठ करीन.

माझा लोभ आहेच. तुझा मागण्याचं तोंड या खेपेस नाही.

नाना