चारने गुणलेली मोटर

४ मार्च, सेमारंग
नव्या स्कूटरची मोटर कॉम्प्युटरवर फिरली. टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, जुन्या मोटरीच्या जवळजवळ चौपट. बढाई नाही, पण इतकी वर्षं मी हेच म्हणत होतो.

पद्धत साधी. अख्खी मोटर स्क्रीनवर काढत बसायचं नाही. केकसारखा चौथाई तुकडा काढायचा, त्यावर हिशेबाची जाळी विणून चुंबकीय क्षेत्राचं गणित सोडवायचं, येईल ते उत्तर चारने गुणायचं.

साहेब, पाक म्हणजे श्रीयुत विर्यावान, बजावून गेलेत की हिने गोंबेलचा चढ चढला नाही तर डिझाइन आणि टेस्टिंग दोन्ही बंद, सगळे घरी. चढेल. एवढ्या जोराचं करायचं काय, म्हणून चुंबकं पातळ करायचं ठरवलं.

७ मार्च
टेस्टिंगच्या प्रमुख बू, म्हणजे श्रीमती, कुस्रिनी तळलेले रोल, लंपिया, घेऊन आल्या. आकडे बघून म्हणाल्या, फार छान हो पाक हर्तोयो, इतके छान की भीतीच वाटते. प्रोग्रॅम स्वतःच कुठे गुणत तर नसेल ना, म्हणजे मला मेलीला काय कळतंय म्हणा. म्हटलं, कळेल हळूहळू. बाई नम्र आहे. शिकायची हौस आहे.

जाळी आणखी बारीक करून तपासायचं ठरवलं. आज नको. लंपिया जड झाल्या.

१९ मार्च
जाळी बारीक केली. उत्तर तेच. म्हणजे बरोबरच, चुकीचं उत्तर दोनदा सारखं कशाला येईल?

पातळ चुंबकं मागवली. बू कुस्रिनी म्हणाल्या, जुनी असू द्यावीत थोडी, जागा काही खात नाहीत. मी परत पाठवली. उगाच पसारा.

१२ एप्रिल
मोटर तयार. टेस्टवर टॉर्क माझ्या आकड्याच्या पाव. म्हणजे मीटर बिघडलाय. त्यांनी दुसरा लावला. तोही बिघडलेला निघाला. काय ही टेस्टिंगची दशा!

बू कुस्रिनी म्हणाल्या, मीटर तपासून घेऊ हो, पण तोवर चढावर जाऊ नये असं आपलं मनात आलं, सहज. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका.

१८ एप्रिल
गोंबेल. मी पुढे, साहेब मागे. अर्ध्या चढावर मोटर गुरगुरली, थांबली आणि आम्ही उलटे घसरू लागलो. मागून ट्रकवाले हॉर्न देतायत. साहेब उतरले, म्हणाले, हवा काय छान पडलीय, चालतच जाऊ. म्हणजे रागावलेले नाहीत. मी स्कूटर ढकलत नेली. साहेबांचं वजन वाढलंय, ते कुणी धरलं नव्हतं.

१९ एप्रिल
मॉडेल उघडलं. सेटिंगमध्ये एक बारीकसा चौकोन: तुकडा काढला असेल तरी उत्तर पूर्ण मोटरीचं द्यावं. त्यात खूण आधीपासूनच आहे. म्हणजे प्रोग्रॅमने चारने गुणलं, आणि वर मी गुणलं. हे त्याने ठळक सांगायला नको?

बू कुस्रिनींची दोन्ही मुलं अजून शाळेत आहेत. साहेबांना सगळं सांगून टाकायचं, आजच. गेलो तर ते जेवत होते. उद्या.

२० एप्रिल
साहेबांनीच बोलावलं. स्वतः चहा ओतला. शाळेपासून मला अरे हर्तोयो, गाढवा म्हणणारा हा माणूस, आज म्हणाला, आपण फार दमला आहात, आपण आता विश्रांती घ्यावी. दोन्ही विभागांनी घ्यावी. मी चहा संपवला आणि आभार मानले. एवढा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता.

रात्री जेवताना बायकोला तेच सांगितलं, की साहेब आता मला आपण म्हणतात. तिने हातातला घास खाली ठेवला. मग मीही ठेवला.