फाटक्या कानाची बातमी

४ फेब्रु. १९५५, मूल
आज दवाखान्यात डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या मनगटाला टाचणी टोचली. तो कळवळला, डॉक्टरांना आईवरून शिवी दिली. डॉक्टर आनंदाने टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ऐकलंत?" ऐकलं. दोन वर्षांपूर्वी त्याच जागी बिडीचा निखारा टेकला तरी त्याला पत्ता नव्हता. महारोगावरच्या नव्या सल्फोनच्या गोळ्या! आमच्या आयुर्वेदाच्या पोथीत यावर तुवरकाचं तेल आहे. त्याने रोगापेक्षा रोगीच आधी कंटाळे.
माणूस सोमाजी, नवेटोल्याचा, धानाची शेती. चट्टे सदऱ्याखाली, गोळ्या 'पोटासाठी'. खरं फक्त बायकोला, गिरजाला, ठाऊक. जाताना माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, पेपरात माह्यं नाव नका टाकू. गाव जित्या माणसाचं मडकं फोडते."
म्हणजे मडकं फोडून माणूस मेला असं ठरवायचं. शास्त्रात याला घटस्फोट म्हणतात. हल्ली तो शब्द नवराबायकोंनी पळवला.
नाव टाकणार नाही, असं वचन दिलं.

१५ फेब्रु.
छापून आलं. दीड स्तंभ. संपादकांनी एकही विशेषण कापलं नाही, हे प्रथमच. '...मूलपासून दोन कोसांवरच्या खेड्यातील, अस्वलाने डावा कान फाडलेला तो उमदा शेतकरी...' हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "दोन कोसांत असे फाटके कान किती आहेत हो?"
हसलो. मग चहा तसाच राहिला. उद्या पहाटे बैलबंडी काढून नवेटोल्याला जातो, सोमाजीला सावध करायला.

१६ फेब्रु.
उशीर झाला. कालच दुपारी तिथल्या शाळामास्तरांनी पेपर खळ्यावर मोठ्याने वाचला. महारोग आला, कान आला, आणि सगळ्यांनी माना वळवल्या. सोमाजी तिथेच, मळणीच्या बैलांमागे. 'बरा झाला' हे वाक्य मी शेवटच्या परिच्छेदात ठेवलं होतं. परिणामासाठी. तिथवर वाचन पोचलंच नाही.
मास्तर रडत सांगत होते. पहिला फटका सख्ख्या थोरल्या भावाचा, डोमाजीचा, बैल हाकायच्या तुतारीने. मग काठ्या. गिरजा विळा घेऊन मध्ये पडली, एकाचा दंड कोपरापर्यंत उघडला. तिला केस धरून फरफटवलं, दोन दात गेले. घर पेटवलं. गोठ्यातली गाय सोडायचं कोणालाच सुचलं नाही. तिचा आवाज मास्तरांनी काढून दाखवला, मी थांबवलं. शेवटी डोमाजीने वेशीवर मडकं फोडलं. भाऊ मेला. मग सगळे आंघोळीला गेले.

१८ फेब्रु.
दवाखान्याचा व्हरांडा. सोमाजीचा डावा हात दोन ठिकाणी मोडलेला, एक डोळा मिटलेला. माफीची वाक्यं जुळवून गेलो होतो. तोच बोलला, "भाऊ, दोन सालाआधी मारलं असतं तं हाताले समजलंबी नसतं. डाक्टरची गोळी पक्की हाय." हसला, तर ओठ पुन्हा फुटला.
गिरजा हसली नाही. "महाराज, तुमाले लिवाले लय येते. आमाले गावात परत न्याले येते का?"


२१ फेब्रु.
डॉक्टर आणि मी नवेटोल्यात. रोग आता कोणाला लागत नाही, हे डॉक्टर समजावत होते. त्यांच्या भुवईवर दगड लागला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. मग मी ओरडलो: मडकं फोडलेल्याला परत घेण्याचाही विधी शास्त्रात आहे. स्नान, नवा भरलेला घट, पंक्तीत जेवण. दोन श्लोक म्हटले. दगड थांबले. तीस वर्षांत माझ्या संस्कृतचा हा पहिला उपयोग.
डोमाजी पुढे आला. "विधीले कोन बसन? तुमी?"
"मी."
"मंग त्याच्या हातचा भात पयले तुमी खा, महाराज. समद्या गावापुढं. घास गिळला तं माहा भाऊ माह्या घरात. नाई गिळला तं याच खळ्यावर कुऱ्हाडीनं खांडतो त्याले. मंग लिवा पेपरात."
बुधवार ठरला. परतताना डॉक्टर रक्त पुसत म्हणाले, "वैद्यकदृष्ट्या काहीच भीती नाही." ते मीच छापलं आहे की!
खरं इथेच लिहितो. त्या दिवशी सोमाजीने माझा हात धरला, त्यानंतर घरी येऊन राखेने हात घासला होता. तीनदा. बातमीत हे नाही.

२३ फेब्रु., नवेटोला
पेन्सिलीने. सोमाजीला स्नान घातलं, घट भरला, मंत्र झाले. मंत्र मी अकारण लांबवले. डॉक्टरांच्या लक्षात आलं.
खळ्याच्या पलीकडे गाव बसलं आहे, काठ्या मांडीवर. डोमाजीकडे कुऱ्हाड. तो भावाकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघतो आहे. मला वाटतं, मी गिळावं अशी त्याचीही इच्छा असावी. नक्की नाही.
पत्रावळ मांडली. सोमाजी उजव्या हाताने भात कालवतो आहे, वरण फार गरम असावं, बोटं मागे घेतो. घास केला. श्लोक कोणता म्हणावा, आठवत नाही. घास माझ्या तोंडासमोर धरून
गिरजा म्हणते, "महाराज, वही ठेवा."