पडद्यावरची रानू

४ मार्च
माता गटाला आज पुन्हा तीच मोजकी तोंडं. पाटील गल्लीतल्या सुनांची पोरं पिवळ्या बसनं शहाद्याला जातात, त्यांना आमच्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसून काय करायचंय! शेवंती मात्र आली. थेट वावरातून, कडेवर धाकटं पोर, हाताला हरभऱ्याच्या पानांची आंब तशीच. आमच्या नानांच्या, म्हणजे मोठ्या दिरांच्या, सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याची, बायको. वर धडगावकडची, पावरा आदिवासी. नवऱ्याच्या फोनवर शाळेच्या तयारीचा या आठवड्याचा व्हिडिओ बघून आली होती. त्यात मुलांना रंगीत मणी निवडायला द्या म्हटलंय. हिच्याकडे कुठले मणी? कापसाची बोंडं, मक्याचे दाणे आणि शेंगांची टरफलं एकात कालवली आणि रानूला निवडायला बसवलं. पोरगी जूनमध्ये पहिलीत जाईल.
"मी अंगठावाली शे, बाई. हाई पोरले शायामा टाकनी शे." पोरगी शाळेत जावी, दुसरं काही मागत नाही बाई.
फोटो काढून आमच्या सुपरवायझर शेख मॅडमना पाठवला.

१७ मार्च
शेवंतीची मंडळी सातपुड्यातल्या काठी गावची होळी करून परत आली. रानूच्या कपाळावर अजून रंग. बोलते भरभर, घरी पावरी, माझ्याशी अहिराणी, आणि कविता म्हणायची तर शाळेची मराठी.
तो बोंडांचा फोटो मॅडमनी वर पाठवला, तिथून तो आणखी वर गेला. शाळेच्या तयारीचा हा उपक्रम आता राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांत नेणार, त्यासाठी चित्रफीत पाहिजे आणि ती आपल्याच गावात काढणार. मॅडम नंदुरबारच्या, एरवी फोनवर फक्त माहिती कधी भरणार एवढंच विचारतात. आज "कल्पनाताई, कमाल केली" म्हणाल्या. मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

२५ मार्च
पुण्याची माणसं आली, कॅमेरे, छत्र्या, काय काय. नानांनी नवी टोपी घातली. "मन्हं वावर पिच्चरमा उनं पाहिजे," म्हणून स्वतः पुढे होऊन जागा दाखवली. त्या दिवशी कामं बंद राहिली तरी चकार शब्द नाही.
बांधावर उसाची कांडकी आडवी टाकली आणि रानूला त्यावरून उड्या मारायला लावल्या. पुन्हा मार, पुन्हा मार. शेवटी पोरगी दमली, कॅमेऱ्याकडे बघून खुदकन हसली. ते म्हणाले, हेच पाहिजे होतं.

९ एप्रिल
शाळेच्या तयारीचा पहिला मेळावा. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून प्रत्येक मुलाचा ठसा कागदावर घेतला. रानूचा ठसा भिंतीवर मधोमध लावलाय. चित्रफीत दाखवली, पाटील गल्लीपण आली बघायला.
आता शेवंतीला सगळीकडून बोलावणं. ब्राह्मणपुरीला जाऊन झालं, पुढच्या आठवड्यात शहाद्याला मोठा कार्यक्रम. मॅडम म्हणतात, त्या बाईला घेऊनच या, आयांना आपल्यातली वाटते. मीच नेते. ती नाही म्हणत नाही.

१८ एप्रिल
शहाद्याच्या स्टेजवर साहेब लोकांसमोर मी माइक घेऊन बोलले. शेवंतीनं बोंडांचं सांगितलं, टाळ्या पडल्या.
घरी आल्यावर जाऊबाई नळावरच भेटल्या. "तुन्ही शेवंती तठे भाषण देस, आठे ऊसनी निंदणी कोन करी?"
हसण्यावारी नेलं.

२३ एप्रिल
हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. नानांनी ठरवलंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं, पुढच्या सालाला हा गडी नको. "सालदार म्हणजे जोडी पाहिजे. बायको तालुकाले फिरस, मंग वावरमा कोन?" हे जाऊबाईंनी सांगितलं. नाना माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांच्याशी बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर पदर, ते ओट्यावर असले तर मी मागच्या दारानं. सांगायचं ते जाऊबाईंमार्फत. तशी रीतच आहे, कधी डाचली नव्हती.
जाऊबाईंना म्हटलं, जूनपर्यंत तरी ठेवा. दुसरा मेळावा होऊ दे, रानूचं नाव पहिलीत पडू दे. त्या पदराआड हसल्या. "तूच सांग ना त्यासले."

२७ एप्रिल
ह्यांना सांगितलं नानांशी बोलायला. आधी पेपरात डोकं घातलं, मग म्हणाले, "दादाच्या शब्दापुढं मी काय बोलू? आणि तू तरी तिला गावोगाव कशाला फिरवलीस?"
खरंय. मीच फिरवली. राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून भांडी घासली. मदतनीस घासते ती अंगणवाडीचीसुद्धा.

३० एप्रिल, आखाजी
घागर पूजली. आंब्याचा रस, पुरणपोळी.
दुपारी शेवंतीचं बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये चढलं. पत्र्याची पेटी, कोंबड्या, खाट. कुठे जाताय विचारलं तर तिलाही नीट ठाऊक नाही, नवऱ्यानं ठरवलंय. रडली नाही. मीच नाक पुसत उभी. रानू ट्रॉलीच्या फळीवरून वाकून ओरडली, "बाई, शाया कव्हय शे?"
"जूनमा," म्हटलं. ट्रॅक्टर वळला.
नाना ओट्यावर होते. मी पदर घेतला आणि मागच्या दारानं घरात आले.

२० मे
सेविकांचं प्रशिक्षण. मोठ्या पडद्यावर रानू. कांडक्यांवरून उड्या, मग ते हसू. सगळा हॉल हसला तिच्याबरोबर. आता कोकणात, विदर्भात, सगळीकडे हीच चित्रफीत दाखवणार म्हणे. बाहेरच्या साहेबांनी माझं अभिनंदन केलं.
जेवणाच्या वेळी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी गावात नाहीये, कुठे आहे माहीत नाही, फोन लागत नाही. मॅडमचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "नोंदीत स्थलांतरित दाखवा, कल्पनाताई. जिथं असेल तिथली सेविका बघेल." थोड्या वेळानं पुन्हा, हळूच, "मी तरी काय करू, सांगा."
बाई वाईट नाही. पण ती सेविका कोण, ते कुणी शोधायचं?

५ जून
नवा सालदार आलाय. त्याला पोरं नाहीत, जोडी मात्र आहे. नाना खूश.
शेवंतीचा फोन बंदच.

१२ जून
आज बोलले. ठरवून नाही. नाना ओट्यावर चहा पीत होते, मी मागच्या दाराकडे निघाले होते आणि पाय वळले पुढे. पदर डोक्यावर होता. म्हटलं, "नाना, शेवंती कोना आठे शे?"
जाऊबाईंच्या हातातली गाळणी तशीच. ह्यांनी पेपर खाली केला. नाना माझ्याकडे न बघता बैलाकडे बघून म्हणाले, "कळसाडीना शिवारमा. पपईना बाग शे तठे." आणि बशी तोंडाला लावली.
एवढंच. आभाळ कोसळलं नाही. आखाजीच्या आधीच असं समोर जाऊन बोलले असते तर? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१५ जून
कळसाडीला गेले. बाग गावापासून लांब, पाऊलवाटेनं. शेवंती वाळली आहे. मला बघून लाजली, मग पाणी दिलं. नवरा-बायको दोघं दिवसभर बागेत, म्हणून धाकटं पोर रानूच्या कडेवर. शाळा गावात. "तिले कोन नेई? आन हाऊ कोनाजवळ ऱ्हाई?" मालक बांधावर येऊन उभा राहिला, कोण बाई, कशाला आली. मी अंगणवाडीची म्हणाले. तो गेला नाही, शेवंती उठून कामाला लागली.
रानूनं बापाचा फोन आणून दाखवला. रिचार्ज नाही, पण चित्रफीत त्यात आहे. रोज बघते म्हणे. कडेवरचं पोर सावरत माझ्याशेजारी बसून बघितली. उड्या झाल्या, हसू झालं. मग पडद्यावर बोट ठेवून मला विचारते,
"बाई, हाई रानू शायामा गयी का?"
मी "हां" म्हणाले.
येताना कळसाडीच्या सेविकेला भेटले. सगळं सांगितलं, नाव लिहून दिलं, धाकट्याला दिवसा अंगणवाडीत ठेवता येईल का विचारलं. "देखस, बाई," म्हणाली. तिच्याकडेही उद्याची गडबड.
उद्या शाळा उघडते. आमच्याकडे दुसरा मेळावा. मॅडमचा निरोप आहे, सुरुवात रानूच्या चित्रफितीनंच करा. पडदा बांधायला सकाळी लवकर जायचंय.