फेरारा, व्हाया एल्दा मावशी

२ डिसेंबर
इव्हानाने आज शेवटी स्पष्टच सांगितलं. वर उत्तरेला, ट्रेंतोच्या डोंगरात, एका हॉटेलात तिला नोकरी मिळते आहे. नवीन वर्षाच्या आत हो की नाही ते कळवायचं आहे. बेकरीच्या मागच्या दारात पीठभरल्या हातांनी उभी होती. म्हणाली, पार्दो, आपण पाच वर्षं फिरतोय ते चौकापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून चौकापर्यंत. मला तीन दिवस गावाबाहेर घेऊन चल. तुझ्या आईशिवाय तू कसा असतोस ते मला एकदा बघायचंय. मग काय ते ठरवते.
मी म्हटलं, एवढंच ना?
कुठे जायचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, धुकं बघायला. पो नदीकाठी म्हणे हिवाळ्यात स्वतःचे बूटसुद्धा दिसत नाहीत. अशी हौस असलेला माणूस आमच्या टेकडीवर दुसरा नसेल. पण ठीक आहे. फेरारा शहर ठरलं. नाताळ आटोपला की निघायचं, समुद्राकाठच्या हायवेने सरळ वर.
आईला इतक्यात सांगायचं नाही. निर्धार.

३ डिसेंबर
आईला कळलं. मी सांगितलेलं नाही. जेवताना सहज विचारलं की नाताळानंतर गाडी कुणाला लागणार आहे का. तिने विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, इव्हानाला सांग, जाड मोजे घे.
रागावली मात्र नाही. विषय नाजूक होता, पण मी तो नीट हाताळला.

५ डिसेंबर
ग्राफ पेपरवर रस्ता काढला. टेक्निकल शाळेत सर्व्हेची दोन वर्षं झालेली आहेत (तिसऱ्या वर्षी सरांचं आणि माझं पटलं नाही), त्यामुळे चढ, वळणं, पेट्रोल पंप, सगळं मापात. वाटेवरच्या गावांची स्पेलिंगं तपासून घेतली. रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवता येत नाही.
इव्हानाने कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, यात धुकं कुठे दाखवलंयस? मी म्हटलं, धुकं नकाशात येत नाही. खूप हसली. आपला विनोद लोकांना आवडतो, हे मला कधी कधी उशिरा कळतं.

८ डिसेंबर
सुट्टी. नाताळचं झाड सजवलं, येशूजन्माचा देखावा मांडला. त्यातल्या मातीच्या मेंढपाळाचा हात पुन्हा तुटला.
आई वर न बघता म्हणाली, पेस्कारा वाटेवरच लागतं. म्हणजे तुझी सख्खी मावशी तिथे राहणार आणि तू हॉर्न न वाजवता पुढे जाणार. मी म्हटलं, आई, हायवेवरचा हॉर्न मावशीच्या चौथ्या मजल्यावर ऐकू कसा जाईल? ती म्हणाली, म्हणून तर वर जायचं.
तडजोड केली. फक्त कॉफी. मी दोनदा बजावलं, आईनेही मान्य केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. मला ऐकू येत होतं. एल्दा, दोघं जेवायला येताहेत, ससा करू नकोस, पार्दोला रात्री जड जातो.
तरी मुद्दा कॉफीचाच होता. तो मी सोडलेला नाही.

१२ डिसेंबर
यंदाचं ऑलिव्हचं तेल आलं. ताजं, हिरवं, घशाला झोंबणारं. आणि आमच्या गावातून उत्तरेला गाडी जाते आहे म्हटल्यावर ती रिकामी कशी जाईल? मावशीला दोन डबे. रिमिनीच्या तुल्लियो मामाला दोन. (रिमिनीला मामा आहे हे मी विसरलो होतो. आई विसरली नव्हती.) संध्याकाळी शेजारच्या बाईंनी आपल्या मुलासाठी डबा आणून ठेवला, वर सॉसेजची माळ.
मागच्या सीटवर आता एका बारीक माणसापुरती जागा आहे. इव्हानाने विचारलं, माझी बॅग कुठे? मी समजावलं की वजन असलं की गाडी रस्ता घट्ट धरते. ती म्हणाली, मग मी आणखी दोन किलो वाढवू का? समजूतदार मुलगी आहे.

१५ डिसेंबर
वर बर्फ असणार. गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या हव्यातच, तसा नियम आहे. गावातल्या दुसऱ्या मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात मी कामाला आहे, तिथून आणल्या. आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून अंगणात सराव केला. ऊन होतं. चाकांना साखळ्या बसल्या, पण निघेनात. सकाळ गेली. दुपारी एर्मान्नो भावोजी आले, म्हणजे माझ्या ताईचा नवरा. तोंडात सिगारेट, हात खिशात. म्हणाले, पार्दो, अरे, पुढची चाकं गाडी ओढतात. मागची नुसती मागून येतात, तुझ्यासारखी.
साखळ्या मी मुद्दामच मागे लावल्या होत्या, सरावासाठी. भावोजींना ते सांगत बसलो नाही. त्यांनी पक्कड मागितली, ती दिली.

१९ डिसेंबर
प्लॅनमध्ये किरकोळ बदल.
बाबा गेल्यापासून आईने समुद्र पाहिलेला नाही. (आमच्या गच्चीतून दिसतो. पण तो लांबचा.) आज भांडी घासता घासता म्हणाली, मला पेस्कारापर्यंत नेलंस तर बहिणीची भेट होईल. तुम्ही तरुण माणसं, मला काय, कोपऱ्यात टाका. मात्र मागे बसलं की तिला मळमळतं, त्यामुळे कोपरा म्हणजे पुढची सीट.
विचार केला. ट्रिप तीच आहे. फक्त ती पेस्काराहून सुरू होईल. तिथून पुढे आम्ही दोघंच.
इव्हानाला सांगायचं आहे. योग्य वेळ बघून.

२१ डिसेंबर
योग्य वेळ नव्हती. बेकरीत गर्दी.

२४ डिसेंबर
आजही नाही. सणाच्या दिवशी असले विषय काढू नयेत. आईने प्रवासासाठी लोकरी बनियन विणून दिलं. टोचतं. घातलं.

२६ डिसेंबर
इव्हाना भेटली. खुशीत होती. हॉटेलवाल्यांचा पुन्हा फोन आला, तर तिने त्यांना थांबायला सांगितलं. म्हणाली, पार्दो, मला वाटलं नव्हतं तू खरंच निघशील. मी सांगणारच होतो. पण आई गाडीत बसलेली उद्या तिला दिसणारच आहे. जे डोळ्यांना दिसणार ते तोंडाने कशाला सांगायचं?

२७ डिसेंबर, पेस्कारा
निघालो! निघालो हे महत्त्वाचं.
इव्हाना बॅग घेऊन खाली आली. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स, पर्सवर मधात बुडवलेल्या करंज्यांचा डबा. इव्हानाने बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाली, काकू, बऱ्या आहात ना? आणि मागे डब्यांमध्ये शिरली. तेलाचा एक डबा मांडीवर घेऊन बसली. तिचा हाच गुण मला आवडतो. वाटेत मी आरशातून बघायचो, तर फक्त तिची टोपी दिसायची. काच उघडू का म्हणून तिने एकदा विचारलं. आई म्हणाली, नको गं, त्याच्या मानेला वारा लागतो.
मावशीकडे जेवण दिवे लागेपर्यंत चाललं. ससा नव्हता. बाकी सगळं होतं. टीव्हीवर पुढच्या रस्त्याला बर्फ दाखवत होते. मी उठायला लागलो तर आई आणि मावशी एकदमच ओरडल्या, आता? अंधारात? वेड लागलंय का? मी ठामपणे म्हटलं की उद्या नक्की.
मावशीकडे पलंग दोनच. मावशी आणि इव्हाना एकावर. दुसऱ्यावर आई आणि मी.
इव्हानाने मला बाल्कनीत गाठलं. रागावलेली नव्हती, ते एक बरं. हळू आवाजात म्हणाली, उद्या दुपारी चारला स्टेशनजवळून बोलोन्याची बस आहे, तिथून फेरारा जवळच. गाडी राहू दे, तेल राहू दे, सगळं राहू दे. तू नुसता ये. बस सुटेपर्यंत वाट बघते. नाही आलास तर बसमधूनच हॉटेलला फोन करते, हो म्हणून.
मी म्हटलं, अगं, हे काय विचारणं झालं?

२८ डिसेंबर, सकाळी
गाडीपेक्षा बसच बरी. आपल्याला हीटरची काळजी नाही. खरं तर हा विचार माझ्या मनात आधीपासून होता.
आईला सांगायचं नाही, उगीच काळजी करेल. जेवण झालं की ती झोपते. ती झोपली की मी निघणार. पोहोचल्यावर फोन करेन. बूट दाराशी, लेस सैल करून ठेवले आहेत. प्लॅन इतका सोपा आहे की कागदाची गरज नाही.

२८ डिसेंबर, दुपारी
जेवलो. आई म्हणाली, भरल्या पोटी बाहेर पडू नकोस, इथे पड जरा. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. पडलो. ती म्हणाली, भिंतीकडे सरक, खाली पडशील. सरकलो. मग ती कडेला आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आई आणि पायथ्याशी मावशीचं कपाट.
ओलांडून जाता येईल. पण तिच्यावर पाय द्यायचा म्हणजे कसंसंच वाटतं. शिवाय पलंग करकरतो. हेसुद्धा पडल्या पडल्याच लिहितोय, वही उशाखाली होती.

थोड्या वेळाने
इव्हाना दारात आली होती. अंगात कोट, हातात बॅग. मी बोटांनी खूण केली, पाच मिनिटं. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग पाय न वाजवता आत आली. माझे पाय उघडे पडले होते, त्यांच्यावर घोंगडी ओढली, नीट खोचली आणि गेली. बाहेर मावशी म्हणत होती, अगं, दोन सँडविच तरी ने. लिफ्टचं दार लागलं.
घोंगडी ज्या मायेने खोचली, त्यावरून मला खात्री आहे. असली मुलगी हॉटेलला हो म्हणणं शक्यच नाही.

पावणेचार
स्टेशन इथून दहा मिनिटांवर. धावलो तर त्याहून कमी. आई कूस बदलेल तेव्हा माझ्या पायांना वाट मिळेल. आईला एका कुशीवर फार वेळ झोपवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फक्त थांबायचं.

चार
आईने कूस बदलली. माझ्याकडे.