पासवर्ड नानांनी विचारायचा

९ फेब्रुवारी, सोमवार. धुळे.
फोन गेला. धुण्याच्या बादलीत पडला. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, काही नाही. संध्याकाळी शबानाने तिचा जुना फोन दिला, "वापर, सावकाश दे." काच तडकलेली आहे, पण चालतो.
घरी आल्यावर त्या फोनने वायफायचा पासवर्ड मागितला. मला आठवेना. बारा वेळा टाकून पाहिला. माझ्या जुन्या फोनमध्ये भाऊनेच घालून दिलेला, मला कधी लागलाच नाही. कुठे लिहिलेला नाही. घरातली प्रत्येक पावती मी फायलीत लावते, आणि हा लिहून ठेवला नाही.
पुढच्या सोमवारी इंटरव्ह्यू आहे, व्हिडिओवर. घरात रेंज एक काडी. गच्चीवर दोन.

१० फेब्रु., मंगळ.
वहीत यादी केली. घराचा नंबर, नानांचा मोबाईल, मायचं नाव, भाऊची जन्मतारीख, माझी, गल्लीचं नाव. एकतीस झाले. एकही नाही.
माय भाकऱ्या थापता थापता बघत होती.
"इतली शिकनी, आनि तुले घरनं कुलूप उघडता येस नही."
म्हटलं, कुलूप भाऊने लावलंय.
ती थांबली. मग म्हणाली, "मंग त्यालेच इचार ना. एक फोननं काम शे."
मी फोन हातात घेतला तर म्हणाली, "तू नही. तू नको करू. त्यासले करू दे."
त्यासले म्हणजे नानांना.
भाऊला घर सोडून चौदा महिने झाले. नाना शाळेत शिपाई आहेत, सव्वीस वर्षं. चार वर्षं हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांनी भाऊला प्रयोगशाळेत चिकटवलं होतं, कंत्राटी. पाच महिन्यांनी भाऊ एक दिवस गेलाच नाही. नानांनी कारण विचारलं तर म्हणाला, "मला घंटा वाजवत म्हातारं नाही व्हायचं." शाळेची घंटा नानाच वाजवतात. नाना पुढचे आठ दिवस हेडमास्तरांना सांगत राहिले, पोराला ताप आहे. नानांना खोटं बोलताना मी तेवढंच पाहिलं. नवव्या दिवशी भाऊ बॅग घेऊन बोदवडला गेला, मित्राच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. नाना म्हणाले, त्याला करायचा तर त्याने करावा, या घरातून फोन जाणार नाही. भाऊनेही केला नाही. जुलैत मी वाढदिवसाचा मेसेज टाकला होता. उत्तर म्हणून एक अंगठा आला.
जेवताना नानांना सांगितलं. म्हणाले, "केबलवालाले बलाव."
मायने त्यांना वाढलंच नाही दुसऱ्यांदा. भाकरी टोपलीत असून.

११ फेब्रु., बुध.
केबलवाल्याला फोन. म्हणतो, "ताई, वायफायच्या डब्याच्या मागची पिन अजिबात दाबू नका. सगळंच उडेल, तुमचं नेटच बंद पडेल. मी साक्रीला आहे, बहिणीकडे लग्न. मंगळवारी येतो, नवीन टाकून देतो."
मंगळवार म्हणजे इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी. मला वाईट वाटायला हवं होतं.
मायला सांगितलं. ती बोटावर दिवस मोजू लागली. "मंगळवारलोंग शे मंग," म्हणाली, म्हणजे मंगळवारपर्यंत वेळ आहे. चेहरा एकदम उजळला तिचा. तो मंगळवारी आला की भाऊला विचारायचं कारणच उरणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलं.

१२ फेब्रु., गुरु.
सापडला.
शबाना झेरॉक्सच्या दुकानात काम करते, तिला असलं सगळं येतं. म्हणाली, "अगं, जो फोन आधीच जोडलेला आहे त्यावरून डब्याचं पान उघड. त्या पानाचा पत्ता डब्याच्या पोटाला चिकटवलेला असतो." जोडलेला म्हणजे नानांचा. ते अंघोळीला गेले तेव्हा घेतला. न विचारता. पान उघडलं. आठ ठिपके, शेजारी डोळ्याचं चित्र. दाबलं.
मला वाटलं होतं काहीतरी असेल. कोणाचं नाव, एखादी तारीख. काही नाही. कीबोर्डवर शेजारी शेजारी असलेली चार अक्षरं आणि चार आकडे. बोटं जिथे पडली तिथला. का कोण जाणे, रडू आलं.
माय दारात. "व्हयनं का?"
"नाही."
तोंडातून गेलं. नाना टॉवेल गुंडाळून बाहेर आले, मी फोन जागेवर ठेवला.

१३ फेब्रु., शुक्र.
काल लिहिलं ते परत वाचलं. मी "नाही" म्हटलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, ते मी पाहिलं. म्हणून ते खोटं चांगलं ठरतं का? नाही ठरत. माझ्या फोनमध्ये टाकला नाही अजून. टाकला की फोनच्या डोक्यावर निळी खूण येईल, माय लगेच बघेल, तिला वाचता येत नसलं तरी ती खूण तिला माहीत आहे. पण खरं कारण ते नाही. टाकला की मी चोर. नाही टाकला तर नुसती खोटारडी. असला हिशोब मी करत बसते.
गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून इंटरव्ह्यूची तयारी. चित्र अडकतं, आवाज तुटतो.
नाना शाळेतून आले, वर आले. असे कधी येत नाहीत. थोडा वेळ उभे.
"आठेच देशी का परीक्षा?"
म्हटलं, इथे गच्चीवर नाही नाना, आणि परीक्षा नाही, मुलाखत आहे. शबानाकडे जाईन.
"लोकेसना घरमा?"
ते टाकीचं झाकण उगाच नीट बसवून खाली गेले.
माझ्यासाठी त्यांना वाईट वाटतंय. मला फक्त आठ अक्षरं बोलायची आहेत.

१४ फेब्रु., शनि.
शाळा अर्धा दिवस. नाना साडेबाराला आले, हातपाय धुतले, जेवले नाहीत. खिशातून चष्मा काढला. मला म्हणाले, "कागद दे. पेन दे."
मायच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.
नंबर त्यांना पाठ होता. फोनमध्ये शोधला नाही. स्पीकरवर लावला, त्यांना कानाला धरून लिहिता येत नाही म्हणून.
तिसऱ्या रिंगला उचलला.
"हॅलो. मी बोली ऱ्हायनू."
पलीकडे स्क्रू गोळा केल्यासारखा आवाज. मग, "हां नाना."
"ते वायफायना पासवर्ड काय शे? हिनी मुलाखत शे सोमवारले."
मला वाटलं आता म्हणेल, विसरलो.
"लिहून घ्या."
"सांग. लिखी लेस."
भाऊ एकेक अक्षर सांगू लागला. नाना मराठीत लिहीत होते, एस, एम, पी. प्रत्येक अक्षराला विचारायचे, "मोठा का धाकला?" तो म्हणायचा, "धाकला." पहिलंच अक्षर ऐकलं आणि मला कळलं, हा तो नाही. तरी मी मोजत होते. आठला संपणार. आठवं अक्षर झालं की ठेवा म्हणणार, ठेवतो म्हणणार, आणि झालं. पाच. सहा. बोला ना काहीतरी, असं मनात. सात. आठ.
"पुढे?" नाना म्हणाले.
भाऊने नववं सांगितलं.
दहावं. अकरावं. मध्ये एकदा म्हणाला, "सावकाश लिहा, घाई नाही." नाना म्हणाले, "दुकानमा गिऱ्हाईक व्हई ना." तो म्हणाला, "असू द्या."
बारा. तेरा.
"संपना?"
"हो. नाही, थांबा. शेवटी एक दोन."
"दोनना आकडा?"
"हां, आकडा."
चौदा झाले. नानांनी दोनाच्या खाली रेघ मारली. मायने भांडं खाली ठेवलं आणि फोनवर वाकून एकदम म्हणाली, "जेवना का रे भाऊ? डबा कोठे खास?"
"जेवलो माय." मग लगेच, "नाही चालला तर कळवा. बहुतेक हाच आहे."
"बरं," नाना म्हणाले. "ठेवू?"
"ठेवा."
नंतर बघितलं, पाच मिनिटं चार सेकंद. माय आत जाऊन तोंड धुऊन आली. नाना जेवायला बसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या.
कागद माझ्या हातात. सगळ्यांसमोर टाकला. चौदाच्या चौदा, नीट, एकेक. चुकीचा पासवर्ड.
"चालत नाही," म्हटलं. हे खरं होतं.
नानांनी कागद परत घेतला, उजेडाला धरला. "मनंच चुकनं व्हई. मराठीमा लिखं ना मी. बी का डी, काय समजस मले."
तुमचं नाही चुकलं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.
भाऊ विसरला का? विसरला असेल. वर्ष होऊन गेलंय, दिवसाला शंभर फोन हातातून जातात त्याच्या. पण दिवसाला शंभर पासवर्ड बघणारा माणूस चौदा अक्षरं अशी, न अडखळता, मनानेच रचूही शकतो. मला ठरवता येत नाही.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
सगळ्यांचा उपास. भगर, दाण्याची आमटी.
सकाळी नाना पाटी शोधत होते. माझी पहिलीची पाटी कुठून असणार. मग वही पुढे केली. "एबीसीडी लिखी दे. मोठी वरे, धाकली खाले. आनि त्याना खाले मराठीमा."
"कशाला नाना?"
"परत चुकाले नको."
लिहून दिली. दारात पाट टाकून बसले आणि गिरवत राहिले. सव्वीस वर्षं त्या शाळेत फळे पुसले त्यांनी, ही अक्षरं रोज पुसली असतील. त्यातलं 'जी' काही त्यांना काढायला जमेना. माय येऊन बघून गेली, "हाऊ काय, शेपटीवाला?" नाना म्हणाले, "तू आमटीकडे देख." दोघं हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, असं लिहिणार होते, पण तेवढं मी लक्ष ठेवलेलं नाही, उगाच कशाला.
मला बघवेना. आत गेले. सांगून टाकू? सांगितलं तर नानांना कळेल की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. आणि हेही कळेल की गुरुवारपासून मला ठाऊक होतं, की त्यांनी शब्द मोडला तो विनाकारण. कदाचित भाऊचंही कळेल. मग परत कोण कोणाला फोन करणार?
चार वाजता नानांनी फोन लावला. वही मांडीवर उघडी, पेन हातात. रिंग पूर्ण वाजली. उचलला नाही.
"कामवर व्हई."
आज रविवार, शिवरात्र. नानांनी परत लावला नाही. वही बंद करून वर पेन ठेवलं.

१६ फेब्रु., सोम.
इंटरव्ह्यू झाला, शबानाकडे. तिच्या अम्मीने सगळ्यांना दुसऱ्या खोलीत कोंडलं, कुकरसुद्धा लावू दिला नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्या स्वभावातली एक चांगली गोष्ट सांगा. पाठ केलेलं उत्तर होतं, प्रामाणिकपणा. तोंडात आलं आणि बोलता येईना. "मी कागदपत्रं नीट ठेवते," म्हटलं. कळवू म्हणाले.
नाना आज फोन वरच्या खिशात घेऊन गेले. एरवी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असतो. संध्याकाळी विचारलं, आला होता का?
"कोना?"
म्हटलं, कोणाचाही.
"नही."
मायला आज दोनदा दारात उभं पाहिलं. विचारलं तर म्हणाली, दूधवाला. दूध सकाळी येतं.

१७ फेब्रु., मंगळ.
नाना शाळेतून आले, चहा घेत होते तेव्हा माझा फोन वाजला. केबलवाला. "ताई, आलोय धुळ्यात. आता येऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."
नाना कपावरून बघत होते. माय स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज थांबला.
फोन ठेवल्यावर नानांनी विचारलं, "काय म्हने?"
मी खरं सांगितलं. म्हटलं, तो यायला तयार होता नाना, आत्ताच. मीच नको म्हटलं.
का, ते त्यांनी विचारलं नाही. चहा संपवला. खिशातून फोन काढून बघितला, परत ठेवला.