उस्तादांची पुडी आणि माझा डावा कान

उस्ताद, तुमच्या पुडीत जे होतं तेच आता मी रोज सकाळी गिळतोय. हे दुसऱ्या कोणाला सांगू, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणायचं नुसतं. दोन ओळी झाल्या की उठतो, दुकानाच्या दारापर्यंत जातो, परत येतो. गोळीच तशी आहे. अंगात कोणीतरी मोटार चालू करून निघून गेल्यासारखं वाटतं. भूक अशी, की जेवलेला हात वाळत नाही तोवर पुन्हा डब्याकडं जातो. काल एका जुन्या गिऱ्हाइकावर उगीच ओरडलो. ते बिचारं म्हणालं, "मालक, तुमाला असं कदी पाहिलं न्हाई." मी तरी कुठं पाहिलं होतं.

झालं असं, की एका सकाळी फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडं कोणीच नाही. फोन बिघडला म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याकडं दिला. त्यानं उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, फोन बराबर हाय. दुसऱ्या कानाला लावा." डावा कान गेला होता. तुम्ही घडवलेला कान. पंपाच्या मोटारीच्या अंगाला पेचकसाचं टोक टेकवायचं, त्याची मूठ या कानाला लावायची, आणि बेअरिंग रडतंय की पंखा घासतोय ते सांगायचं. एवढ्या एका गोष्टीवर आखाडा बाळापुरात माझं दुकान उभं राहिलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आलात ते बरं केलंत. स्टेरॉइडच्या गोळ्या देते. कान परत येईलच असं सांगत नाही, पण यायचा असेल तर यानंच येईल." स्टेरॉइड हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीवरून उठलो. बायकोनं सदरा धरून खाली बसवलं.

मला तुम्ही दिसलात. जवळा बाजारचा आठवडी बाजार आहे, आणि तुम्ही त्या दम्याच्या औषधवाल्यापुढं हात पसरून उभे आहात. काळपट पूड, कागदाच्या पुड्या. मला म्हणता, "जडीबुटी हाय बेटा, याची काय तकलीफ न्हाई." आणि खरंच, तुमच्या छातीतली शिट्टी थांबलेली. जिना चढताना तुम्ही बोलत चढता. वर्षभरात तोंड चंद्रासारखं गोल होतं, पोट सुटतं, गिऱ्हाइकं म्हणतात, "उस्ताद, तब्येत बनली की." तुम्ही म्हणता, "सासुरवाडीचं तूप हाय." सगळे हसतात, मीही हसतो. पण तांब्याची तार नुसती लागली तरी तुमच्या हातावर जांभळा डाग पडायचा. उकिडवं बसलात की उठताना माझा खांदा लागायचा. माझे कान तिखट, डोळे मात्र गिऱ्हाइकांसारखेच.

मग तुम्हाला औंढ्याच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी पुडी उघडली, तुमचं तोंड आणि हातावरचे डाग पाहिले. म्हणाले, यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात असं दिसतंय, पण एकदम बंद करू नका, उद्या या, हळूहळू उतरवू. तुमच्या दुकानात परत आल्याबरोबर तुम्ही डबा काढला आणि सगळ्या पुड्या नालीत ओतल्या. मी म्हणालो, "उस्ताद, त्यांनी हळूहळू म्हणलं ना." तुम्ही म्हणालात, "जहर काय हळूहळू सोडतेत का रे?"

त्यानंतर तुम्ही नीट उभे राहिला नाहीत. उलट्या, अंगात त्राण नाही, डोळे मिटलेले. नांदेडला नेताना वाटेवरच गेलात. लोक म्हणाले, दम्यानं गेले. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे औषध शरीर स्वतःच थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून फार दिवस आलं की ते बनवणं बंद पडतं. मग बाहेरचं एकदम तोडलं तर आत काहीच उरत नाही. तेच झालं असावं." माझा कोर्स थोड्या दिवसांचा आहे, तुमच्यासारखा वर्षांचा नाही. तरीही गोळी सकाळी नाश्ता झाल्यावरच घ्यायची, साखर तपासत राहायची, मनानं दुखण्याची गोळी वर घ्यायची नाही, आणि मनानं बंदही करायची नाही. कधी किती उतरवायची ते त्या सांगतील.

मला काय आठवलं सांगू? नदीवरच्या पंपाची मोटार मी चालत्या पाण्यात एकदम बंद केली होती. लांबलचक पाइपातलं पाणी उलटं आलं आणि खालचा व्हॉल्व्ह फुटला. गावासमोर तुम्ही मला झापलंत. "काहून दाबलं बटण? पाणी वर चढून राहिलं ना? आदी वरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळ, मग मोटार." त्या दिवशी तुम्ही तुमचा पेचकस मला देऊन टाकलात, म्हणालात, यानं नुसतं खोलू नको, ऐक. आज भांडायला तुम्ही नाहीत म्हणून सांगतो, उस्ताद, पाण्याच्या बाबतीत जे तुम्हाला कळत होतं ते स्वतःच्या अंगाच्या बाबतीत कळलं नाही, आणि तुम्ही कोणाचंच ऐकलं नाहीत. याचा मला राग आहे. इतक्या वर्षांनी आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. तुमच्या पेचकसाखाली ठेवतो, तिथं दुसरं कोणी हात लावत नाही.

एक राहिलं. मघाशी बायको दुकानात आली, माझ्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "घेतली का आज?" आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, पण आला. मी म्हणालो, "व्हय." आज नाश्ताही केला नव्हता, ही तडफड नको म्हणून गोळीही सोडायची ठरवली होती. ती अजून सदऱ्याच्या खिशात आहे. आता बायकोला भाकर वाढायला सांगतो, मग गोळी.