सात डबे आणि मानसिंगरावांची ट्रॉली

अंथुर्णे, ता. इंदापूर
रविवार, ७ एप्रिल १९९६

आदरणीय तुळसाआत्या,

तुझ्या नावडत्या भाच्याचा, म्हणजे संघपालचा, वाकून जयभीम. हितं आईची कंबर, दादांचा खोकला आणि म्हैस ही तिन्ही जशीच्या तशी हायेत, म्हणजे खुशालच म्हणायची. तुझ्या चष्म्याची काडी मोडल्याचं सोमनाथदादाकडनं कळलं. तवा भिगवणला हे पत्र ज्योत्स्नावहिनीच तुला वाचून दाखवणार असं धरून लिहितोय. (वहिनी, तुमालाबी जयभीम. जे कंसात लिहीन ते मनातल्या मनात वाचायचं. सासूबाईंना ऐकू जाता कामा न्हाय. तुमी शाळेत शिकवता, तुमाला जमंल.) आत्या, वहिनी वाचता वाचता मधीच थांबल्या तर शाई फुटलीय असं समज. माझा पेन गळतो.

पैलं कबूल करून टाकतो. गेल्या भीमजयंतीला भर कार्यक्रमात तू माईक खाली ठेवलास, "संघ्या, आधी तुझ्या डब्यांचं गाऊन होऊ दे," असं म्हणालीस आणि उतरून जी गेलीस ती थेट लेकाकडं, सोमनाथदादाच्या घरी. वीस वर्षं आपली गायन पार्टी तुझ्या नावावर चालली, आणि माझ्यापायी तू गाणं सोडलंस असं सगळं गाव म्हणतंय. गावाचं बरोबर हाय. तवा मला लई राग आला होता. चार दिवस मी अन्नाला शिवलो न्हाय. (वहिनी, दोन वेळा जेवलो न्हाय. तिसऱ्या वेळी आईनं बोंबलाची चटणी केली होती.)

डब्यांचं म्हणशील तर गिटारला जोडायचे, पायानं दाबायचे ते लोखंडी डबे सात झाले होते. एकानं आवाज फाटायचा, एकानं घुमायचा, एकानं गरगरायचा, एकानं तोच सूर तीन-तीनदा ऐकू यायचा. बाकीच्यांनी काय व्हायचं ते मला आजपावेतो नीट कळलेलं न्हाय, पण दाबल्यावर लाल दिवा लागायचा. पुण्याच्या ऑर्केस्ट्रात एकाकडं पाच बघितले होते, म्हणून मी सात केले. आपल्याकडं पाण्याच्या मोटारीचंबी असंच चालतं.

तर ऐक. फेब्रुवारीत पिंपळीला बुद्धविहाराचं उद्घाटन होतं, दुपारचा कार्यक्रम. तुझ्याशिवाय पैलाच मोठा. तिथले मानसिंगराव बागायतदार मोकळ्या मनाचा माणूस, त्यांनी स्टेजला उसाच्या दोन ट्रॉल्या दिल्या. दोन जोडून लावल्या की पार्टी ऐसपैस बसते. पण मी हट्टच धरला, की ढोलकीच्या हादऱ्यानं माझ्या वायरी सुटतात, डब्यांना एक ट्रॉली वेगळी पायजे. आबाजी पेटीवाले म्हणाले, डब्यांना बघायला पाव्हणे येणार हायेत का? मी ऐकतोय व्हय. मग पुढच्या ट्रॉलीत सगळी पार्टी दाटीवाटीनं, मागच्या ट्रॉलीत सतरंजीवर एकटे डबे, आणि मधी एक फळी. आवाज बदलायचा झाला की मी फळीवरनं पलीकडं जायचो, डबा दाबायचो आणि माघारी यायचो. तोवर कडवं संपायचं. (दोनदा पडलोबी. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच हाय.)

आता नेमका त्याच दिवशी मानसिंगरावांचा ऊस तुटला. तोडलेला ऊस फडात पडून, तोडणीची टोळी खोळंबलेली, आणि आजच्या आज कारखान्यावर पोचवा म्हणून चिठ्ठी आलेली. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की माणसांची ट्रॉली राहू दे, रिकामी घेऊन जा. ड्रायव्हरनं बघितलं, मागच्या ट्रॉलीत माणूस एकबी न्हाय, सतरंजीवर काहीतरी लोखंडाचं पडलंय. त्यानं ट्रॅक्टर लावला, पिन घातली आणि निघाला. आणि आत्या, ट्रॅक्टर चालू झाल्याचं पिंपळीत एकाबी माणसाला कळलं न्हाय, कारण मी नुकताच आवाज फाडायचा डबा दाबून माघारी आलो होतो. आबाजी शपथेवर सांगतात की त्यांनी ट्रॅक्टर ऐकला, पण त्यांना वाटलं मीच वाजवतोय. फळी पडली, वायर ताणली, फाटकन सुटली, आणि सगळीकडं एकदम शांत झालं. मी वळून बघतो तर माझे सात डबे धुरळ्यातनं उसाच्या फडाकडं निघालेले.

मग काय, गिटारची वायर सरळ स्पीकरला जोडली आणि उभा राहिलो. तेवढ्यात बायका ओरडाय लागल्या की तुळसाबाईचं पाटीचं गाणं म्हणा. तू नव्हतीस, आबाजींनी माझ्याकडं बोट केलं, मी गायलो. दोन कडवी निभावली. तिसऱ्याला मी आडवा. पाच वर्षं तुझ्यामागं उभा राहून वाजवलं, पण तिसरं कडवं मी कधी ऐकलंच नव्हतं, माझा पाय तवा डब्यावर असायचा. पुढच्या ओळीत दगडाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. तिनं बसल्या जागेवरनं कडवं उचललं, तिच्यामागं सगळ्या बायकांनी. लेकीला शाळेची पाटी घेऊन द्यायला आईनं गळ्यातली डोरली मोडली, ते. मी नुसता हळू तारा छेडत होतो आणि माझ्या डोळ्यातनं पाणी येत होतं. (हे खरं हाय वहिनी, पण कंसातच राहू द्या.)

कार्यक्रम झाल्यावर दगडाबाई काठी टेकत आली आणि तुळसा कुठं हाय म्हणून विचारलं. मी म्हणालो, भिगवणला.

"मग तू कशाला आलास?" म्हणाली.

मी वायरी गुंडाळाय लागलो.

आबाजींच्या लुनावर बसून फडात गेलो. टोळीतल्या बायामाणसांनी सातही डबे बांधावर ओळीनं मांडून वर पोतं झाकून ठेवले होते. एकालाबी ओरखडा न्हाय. ऊस भरायची घाई असून त्यांनी ते केलं, त्यांचं मोठेपण. पण आत्या, डबे सापडले तरी मला आनंदच होईना. घरी आलो, तुझी कॅसेट लावली आणि एकेक डबा जोडून तिच्यासंगं वाजवून बघितलं. नियम एकच, तुझा शब्द झाकला गेला की डबा गेला. फाडायचा पैल्याच ओळीला गेला. गरगरायचा गेला. तीनदा ऐकवायच्यानं आईनं एका लेकीला तीन पाट्या घेऊन दिल्या, तोबी गेला. असे सहा गेले. राहिला तो एकच, त्याला स्वतःचा आवाजच न्हाय. टाच दाबली की गिटार बारीक होते, बस्स. तो मी मोठ्यानं वाजवायला आणला होता.

बाकीचे सहा बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला दिले आणि बदल्यात त्याच्याकडनं एक चांगला माईक घेतला, तुझ्या उंचीला बसंल अशा स्टँडसकट. आता माझा पसारा म्हणजे गिटार, दोन वायरी, एक डबा, एक स्पीकर. पूर्वी जोडाजोडीला पाऊण तास जायचा. आता आबाजींची तंबाखू मळून होईस्तोवर मी तयार.

आत्या, तुझे उपकार मी मानतो. मला सूर तू दिलास, पैली गिटार घ्यायला दादांशी तू भांडलीस, आणि माईक खाली ठेवलास तोबी माझ्या भल्यालाच ठेवलास. मानसिंगरावांचे आणि त्यांच्या ड्रायव्हरचेबी उपकार हायेत. तू मला चार बोलांत सांगितलंस ते मला कळाय ट्रॅक्टर लागला. सोमनाथदादाला नमस्कार. डोळ्यांना जप, चुलीपुढं बसत जाऊ नकोस.

तुझाच भाचा,
संघपाल

ता. क. एक सांगायचं राहिलं. तीन मेला बुद्धजयंतीचा कार्यक्रम आपल्या अंथुर्ण्यातच हाय. हँडबिलं छापून आली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात तुझं नाव हाय. तुला विचारायला पायजे होतं, पण छापखान्यावाला घाई करत होता.

ता. क. दुसरा. (वहिनी, हा पुरा कंसच हाय. आत्यानं माईक ठेवला तो डब्यांमुळं, हे गावाला पटलंय, ते तसंच राहू द्या. पण त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभा होतो. वरच्या सुराला तिचा आवाज चिरला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग माईक ठेवला. माझ्या गोंगाटात बाकी कुणाला कळलं न्हाय. त्या डब्यांनी जन्मात तेवढंच एक चांगलं काम केलं. तर एक करा. काम करताना ती गुणगुणत असती असं सोमनाथदादा म्हणत होता. तुमच्या शाळेत पेटी हाय. ती हल्ली कुठल्या पट्टीत गुणगुणते ते बघा आणि कार्डावर फक्त तेवढं लिहा. पूर्वी तिची पट्टी काळी पाच होती. डबे गेल्यापासून माझी गिटार वरच्या पट्टीत लागतच न्हाय, असं मी पार्टीत सांगून ठेवलंय. आबाजी मला रोज शिव्या देतात आणि खाली येतात. किती खाली यायचं तेवढं कळवा.)